मॉलीची नवी होडी

मॉलिब्डेनम या धातूवर माझा अजून राग आहे. धातूवर कसला राग धरायचा, असं माझा नवरा म्हणतो. त्याला म्हणायला काय जातंय? त्याने आठ-आठ तास डोळ्याला भिंग लावून त्या मेल्या तारेची वेटोळी मोजली नाहीत. आणि त्या धातूपायी एका बाईची जी वाट लागली, तीही त्याच्या हातून लागली नाही.

अंधेरीला आमचा कारखाना होता. रेडिओचे व्हॉल्व्ह बनायचे. आजकालच्या पोरांना व्हॉल्व्ह म्हटलं की नळाचा वाटतो, म्हणून सांगते. हाताच्या अंगठ्याएवढी काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्यभागी एक कांडी, ती तापून लाल झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला पत्र्याची डबी, ती ते गोळा करते. आणि दोघांच्या मध्ये तारेची एक बारीक जाळी, ती म्हणजे ग्रिड. किती इलेक्ट्रॉन पुढे सोडायचे आणि किती अडवायचे हे ग्रिड ठरवते. गेटवरचा वॉचमनच म्हणा ना. आता त्या लाल कांडीच्या इतक्या जवळ, केसाहून बारीक तार बसवायची आणि ती वाकता कामा नये, लोंबता कामा नये. साध्या तारेचं ते काम नाही. म्हणून मॉलिब्डेनम. लोखंडाचं पाणी पाणी होतं त्याच्याही पुढे हजारभर अंश गेलं तरी हा पठ्ठ्या वितळत नाही. हा शब्द नीट म्हणायला मला आठ दिवस लागले. नंतर आम्ही सगळ्याच जणी त्याला मॉली म्हणायला लागलो.

पण नखरे किती. उघड्या हवेत लालबुंद तापवा, पांढरा धूर होऊन उडून जातो. म्हणून त्याला भाजायचं तर हायड्रोजनच्या भट्टीत. भट्टीच्या तोंडाशी ती फिकट ज्योत दिवसभर फुरफुरत असायची. आणि हाताचा तर नुसता विटाळ. आमचे साहेब पुण्याचे, परदेशात ट्रेनिंग घेऊन आलेले, तरुण. रोज सकाळी आमच्यापुढे उभे राहून तेच सांगायचे. तेल नको, पावडर नको, गजरा नको, बोटांना रबरी टोप्या हव्यात, तार फक्त चिमट्याने उचलायची. घामातलं मीठ तारेला लागलं की ग्रिड बिघडते, तापली की स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागते. म्हणजे वॉचमनच चोरांबरोबर पळाला. मग रेडिओ सुरुवातीला छान बोलतो आणि अर्ध्या तासाने घोगरा होऊन गुरगुरायला लागतो. मला मनातून चीड यायची. आगीला भीत नाही तो धातू, आणि माझ्या अंगठ्याला भितो! घाटकोपरहून बसने येईपर्यंत माणसाला घाम येणार नाही तर काय अत्तर येणार? पण नोकरी होती, ऐकून घेत होते.

ग्रिडच्या टेबलावर मी सगळ्यांत जुनी. तपासलेल्या ग्रिड भट्टीत पाठवायचं काम माझं. त्या पाठवायच्या मॉलीच्याच पत्र्याच्या लांबट तबकातून. त्याचा आकार होडीसारखा, म्हणून आम्ही होडीच म्हणायचो. अशा तीन होड्या होत्या, एक, दोन, तीन असे नंबर कोरलेल्या. कुठल्या होडीत कुठल्या ग्रिड गेल्या, किती वेळ भाजल्या, त्याची वही माझ्याकडे. वही माझ्याकडे आहे याचा मला भारी तोरा होता, हे कबूल करते.

माझ्या शेजारी बसायची ती खारदांड्याची. कोळ्याच्या घरची, लग्न होऊन तिथेच दिलेली. सातवी पास झाली होती. हात कसले म्हणता! लहानपणापासून जाळी विणलेली, त्यामुळे तारेचा एक वेढा सरकलेला असला तरी तिला भिंगाशिवाय दिसायचा. मी पाच ग्रिड तपासेपर्यंत तिच्या आठ होऊन होडीत लागलेल्या असायच्या. मी सुरुवातीला जळायचे तिच्यावर. मग आमचं जमलं. आमच्याशी बोलताना ती आपली बोली बाजूला ठेवायची, पण हसायची मात्र मोकळं, दांड्याच्या बाजारात हसावं तसं. साहेब दचकून वळून बघायचे.

ती तेव्हा टेम्पररी होती. दिवाळीनंतर पर्मनंट व्हायची होती. आम्हाला पर्मनंट म्हणजे काय, आणखी एक कार्ड. तिला ते सगळं काही होतं. तिची आई, सासू, जाऊ, सगळ्या डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या. सासूने सांगून ठेवलं होतं, की हे कारखान्याचं खूळ दिवाळीपर्यंत चालू दे, पक्कं झालं तर झालं, नाहीतर पाटी घ्यायची. ती मला म्हणायची, मासे विकायची मला लाज नाही गं, पण मला हेच काम येतं आणि हेच आवडतं. टेबलावर बसून भिंग लावायचं काम कुणाला आवडू शकतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

त्या वर्षी नवरात्रात नवीन होडी आली. चौथी. झकास चकचकीत, जुन्या तिघी तिच्यापुढे काळवंडलेल्या दिसायच्या. दोन दिवसांनी खंडेनवमी. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा झोकात व्हायची. वाइंडिंगच्या मशीनना झेंडूच्या माळा, चिमट्यांना हळद-कुंकू, भट्टीसमोर रांगोळी. जुन्या होड्या भट्टीतून नुकत्या निघालेल्या, गरम, म्हणून मी नवीन होडी पाटावर मांडली. ओल्या हळद-कुंकवाची पाचही बोटं तिच्या आतल्या बाजूला उमटवली, अक्षता घातल्या, सुपारी ठेवली, फुलांनी भरली. साहेबांनी नारळ फोडला. मोठे मॅनेजर आले होते, फोटो निघाला. सगळ्या बायका मला म्हणाल्या, पूजा करावी तर तूच. मी फुगले.

आता नीट ऐका. नवीन होडी वापरण्याआधी ती ऍसिडमध्ये धुवायची, मग एकदा रिकामीच भट्टीतून काढायची, असा नियम. दसऱ्याची सुट्टी संपून कामावर आले तेव्हा मी होडीतली फुलं काढली, विसर्जनाला वेगळी ठेवली, होडी ओल्या फडक्याने पुसली. आणि ऍसिडच्या टाकीपाशी जाऊन थांबले. हात पुढे होईना. देवापुढे ठेवलेली वस्तू ऍसिडमध्ये बुडवायची? खंडेनवमीला पुजलेला कोयता माझा बाप दुसऱ्या दिवशी डोक्याला लावून मगच हातात घ्यायचा. मी होडी डोक्याला लावली, वहीत चौथा नंबर टाकला आणि ग्रिड भरायला शेजारी बसणाऱ्या तिच्याकडे सरकवली. कुणाला विचारलं नाही. यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

आठवडाभरात बोंब सुरू झाली. टेस्टिंगवरून व्हॉल्व्ह परत यायला लागले. अर्धा तास चालवले की ग्रिड इलेक्ट्रॉन सोडते. काही ग्रिडच्या तारा तर हात लावताच काडीसारख्या तुटायच्या, आणि मॉलीची चांगली तार अशी तुटत नाही, वळते. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनाही वरून शिव्या बसत असणार. त्यांनी भट्टी तपासली, गॅस तपासला, पाणी तपासलं. सगळं ठीक. मग उरलो आम्ही.

एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येकीपुढे काचेचा एक पेला, त्यात शुद्ध पाणी. बोटं बुडवा म्हणाले. मग त्यात कसल्या तरी औषधाचे थेंब टाकले. पाण्यात मीठ असलं की ते दुधाळ होतं. सगळ्यांचंच पाणी थोडं थोडं गढूळ झालं. माझंही झालं, पण कमी, आणि मला हायसं वाटलं. तिचं पाणी मात्र ताकासारखं पांढरं झालं. सकाळी सासूबरोबर ती मासळी खारवून आली होती, आणि मीठ काही साबणाने एका धुण्यात जात नाही. साहेबांनी नुसतं लिहून घेतलं. बोलल्या त्या बायका. आम्हाला पहिल्यापासून वास यायचा म्हणे. हिच्या डब्याजवळ बसवत नाही म्हणे. कालपर्यंत हिच्या डब्यातला बोंबील चाखून बघणाऱ्या बायका ह्या! कामाच्या वेळी आम्ही सगळ्या रबरी टोप्या घालतो, उघड्या बोटाने तारेला कुणीच हात लावत नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा वाटलं की असेल बाबा.

तिने बोटांच्या टोप्या एकेक काढल्या, डबीत ठेवल्या, डबी टेबलावर. तिला पॅकिंगला पाठवलं. दिवाळीपर्यंत खोकी चिकटवायची आणि मग नाव कमी. ग्रिडच्या टेबलावर आम्ही काम वाटून घेतलं. आणि खराब व्हॉल्व्ह येतच राहिले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. आधी फिरलं ते कामाच्या वैतागाने, न्यायाबियाच्या विचाराने नाही, हेही सांगून टाकते. तिच्या वाटचं काम माझ्या गळ्यात, डोळे लाल, कमरेचा काटा ढिला, आणि इतकं करून माल परत. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन बसले आणि परत आलेला एकेक व्हॉल्व्ह वहीतल्या नोंदीशी ताडून बघायला लागले, की ही ग्रिड कुठल्या होडीतून गेली. चार. चार. चार. मधे एखादी दोन नंबरची, पण ती तर नेहमीच जायची एखादी. मग परत चार, चार. तिने चारही होड्या भरल्या होत्या. दोष तिच्या हातांचा असता तर चारही होड्यांतला माल बिघडला असता.

मी भट्टीजवळ गेले, चौथी होडी खिडकीपाशी आणली. तळाशी पाच डाग होते, करडे-काळे, एका हाताची पाच बोटं उमटावीत तसे. नखाने खरवडले, निघेनात. मी माझी बोटं त्यावर ठेवून पाहिली. बसली. कपाळ माझं! हळद जळून कोळसा झाली होती आणि मॉलीत मुरली होती. कुंकवात चुना असतो, तो दर वेळी भट्टीत तापून थोडा थोडा सुटून ग्रिडवर बसत होता. हे नंतर साहेबांनीच मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, फळ्यावर आकृती काढून. कोळसा शिरला की मॉली ठिसूळ होतो. चुना बसला की ग्रिड इलेक्ट्रॉन सोडते. मिठाने होतं तसंच, तंतोतंत.

दिवाळीला तेव्हा सहा दिवस होते. ती अजून खाली पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत होती. मी साहेबांना म्हटलं, मग तिला वर बोलवा, तिचा यात काही दोष नाही, हे माझ्या हातून झालंय, माझं नाव लिहा.

साहेबांनी फळा पुसला. म्हणाले, होडी आजच बदलतो, प्रश्न मिटला. रिपोर्ट मात्र वर गेलेला आहे, हाताची अस्वच्छता म्हणून. आता त्यात पूजा कशी घालणार? मॅनेजरांसमोर पूजा झाली, नारळ मी फोडला, फोटो कंपनीच्या भिंतीवर लागलाय. मग म्हणाले, "आणि बाई, कुंकवामुळे माल गेला असं तुम्ही खाली जाऊन बोललात, तर बायका तुम्हाला सोडणार नाहीत. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर काय बघणार होते? दिवाळीला तर नावच जाणार होतं. हे मला तिथल्या तिथे कळत होतं. तरी मी मान हलवली आणि बाहेर आले. सहा दिवस होते माझ्याकडे. सहा दिवस मी रोज त्याच टेबलावर बसले, त्याच बायकांबरोबर चहा प्यायले, त्या तिच्या वासाबद्दल बोलत होत्या ते ऐकलं. रोज ठरवायचे, आज बोलते. मग वाटायचं, ह्या म्हणतील देवाच्या कुंकवाला नावं ठेवते, हिच्याकडे आता वाण घ्यायला कोण जाईल? आमच्या चाळीतल्या दोघी माझ्याच खात्यात होत्या, गोष्ट घरापर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता. मी घाबरले. दुसरा शब्द नाही त्याला. शेवटच्या दिवशी ती जाताना जिन्यात भेटली, म्हणाली, येते गं. मी म्हटलं, ये.

भाऊबीज झाल्यावर मी फराळाचा डबा भरला आणि दोन बस बदलून खारदांड्याला गेले. घर विचारत विचारत पोचले. ती अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होती. सासू ओट्यावर होती, मला बघून आत गेली. तिने हात पुसले, मला चटई घातली, पाणी दिलं. पाटी घ्यायला लागलीस का, मी विचारलं. ती म्हणाली, उद्यापासून. सासूबरोबर सांताक्रूझपर्यंत.

मग मी सगळं सांगितलं. होडी, हळद-कुंकू, ऍसिड, वही, पाच डाग, साहेब. सांगताना रडले. मला वाटत होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. मनावरचा दगड उतरेल तिच्या. खरं म्हणजे माझाच उतरवायला गेले होते मी, फराळ घेऊन.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "बायकांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायला आलीस? माझे हात साफ होते ते मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांग ना."

आवाज चढवला नाही तिने. डबा उघडला नाही, परतही केला नाही. उठून बोंबील घालायला लागली. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी मी टेबलापाशी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. माझीच पाच बोटं, माझाच हात, तिचा नाही. कुणी ओरडलं नाही. ज्याची इतकी भीती घेतली होती ते काहीच झालं नाही. मग चाळीतल्या दोघींपैकी एकीने विचारलं, मग आता तिला परत बोलावणार का?

तिच्या खुर्चीवर त्या सकाळी साहेबांनी एक नवीन मुलगी बसवली होती, आणि तिला चिमटा कसा धरायचा ते शिकवायचं काम माझ्याकडे दिलं होतं.